जपून ठेवण्यासाठी बुडवलेली लढाऊ नौका : लेक जॉर्जच्या तळाची 'लँड टॉर्टॉइस'

तांडेल

बुडालेलं जहाज म्हटलं की आपल्याला वादळ आठवतं, खडक आठवतो, नाहीतर शत्रूच्या तोफा. मी आज ज्या नौकेबद्दल लिहितोय तिच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. तिला तिच्याच माणसांनी, तिची काळजी वाटत होती म्हणून, स्वतःच्या हातांनी बुडवलं. पुढच्या वर्षी वर काढू असं ठरलं होतं. ती सापडली १९९० साली.

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात लेक जॉर्ज नावाचं सरोवर आहे. लांबी साधारण ५१ किलोमीटर, रुंदीला बेताचं, दोन्ही बाजूंनी डोंगर. पाणी इतकं नितळ की काठावरच्या धक्क्यावर उभं राहिलं तर तळाचे गोटे मोजता येतात. हे सरोवर उत्तरेला तायकोंडरोगापाशी एका छोट्या नदीतून लेक शँप्लेनमध्ये उतरतं. नकाशा उघडून पाहिलात तर लगेच कळेल की इंग्रज आणि फ्रेंच यांना या चिंचोळ्या पाण्याची एवढी ओढ का होती. अठराव्या शतकात त्या जंगलात रस्ते जवळजवळ नव्हतेच. सैन्य, तोफा, पिठाची पिंपं, सगळं पाण्यावरूनच जायचं. दक्षिण टोक इंग्रजांचं, उत्तर टोकापलीकडे फ्रेंचांचा कारियों किल्ला.

इंग्रज-फ्रेंच युद्धात, जुलै १७५८ मध्ये इंग्रजांचा जनरल ॲबरक्रॉम्बी पंधरा हजारांवर माणसं घेऊन दक्षिण टोकावरून निघाला. शेकडो होड्यांनी सरोवर भरून गेलं होतं. ८ जुलैला त्याने कारियोंवर समोरून हल्ला चढवला. फ्रेंच सेनापती मोंकाल्मकडे माणसं त्याच्या चौथाईच्या आसपास होती, पण त्यांनी झाडं तोडून, फांद्यांची टोकं बाहेर काढून आडोसा रचला होता. एका दुपारीत इंग्रजांची सुमारे दोन हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. सैन्य जसं आलं तसं परत दक्षिण टोकाला गेलं.

इथून आपल्या नौकेची गोष्ट सुरू होते. हरलेलं सैन्य काठावर बसून होतं आणि सरोवरावरचा ताबा तरी सुटू नये म्हणून नौका बांधायला लागलं. त्यातली सगळ्यात विलक्षण होती 'रादो'. फ्रेंचमध्ये रादो म्हणजे तराफा. सपाट बुडाची, ५२ फूट लांब, १८ फूट रुंद. वरून पाहिलं तर सात बाजूंची! नेहमीची नौका टोकाकडे निमुळती होते, हिला कोपरे होते. खालच्या भिंती बाहेर पसरलेल्या आणि त्यावरच्या भिंती आत कललेल्या, म्हणजे काठावरून बंदुका झाडल्या तरी आतली माणसं झाकलेली राहावीत. तोफांसाठी सात खिडक्या, वल्ह्यांसाठी २६ भोकं. कासवाच्या पाठीसारखा आकार, म्हणून नाव पडलं 'लँड टॉर्टॉइस'. चालायला ती नक्कीच सुस्त असणार. पण तिला कुणाचा पाठलाग करायचाच नव्हता. तोफा घेऊन पाण्यावर तरंगणारा बुरूज, एवढंच तिचं काम.

आता प्रश्न हिवाळ्याचा. बर्फ पडायला लागलं की सैन्य दक्षिणेला निघून जायचं. दक्षिण टोकावरचा विल्यम हेन्री किल्ला फ्रेंचांनी १७५७ च्या ऑगस्टमध्ये जिंकून जाळून टाकला होता, म्हणजे नौका राखायला भिंतच नव्हती. शिवाय आधीचा अनुभव ताजा होता. मार्च १७५७ मध्ये फ्रेंच तुकडी गोठलेल्या सरोवरावरून चालत आली होती. किल्ला त्यांना घेता आला नाही, पण बर्फात अडकलेल्या होड्या आणि बाहेरचे कोठार त्यांनी पेटवून दिले. उघड्यावर ठेवलेली होडी म्हणजे शत्रूसाठी रचून ठेवलेलं सरपणच.

मग उपाय निघाला तो हा. होड्या दगड भरून बुडवायच्या. बर्फाखाली, शत्रूच्या हाताबाहेर. वसंतात दगड काढायचे की होडी वर. अडीचशेच्या वर 'बातो' (त्या काळची सपाट बुडाची, दोन्ही टोकांना निमुळती मालवाहू होडी) अशा बुडवल्या, सोबत एक स्लूप (एका डोलकाठीची शिडाची नौका) आणि ही रादो. 'लँड टॉर्टॉइस'चा दिवस होता २२ ऑक्टोबर १७५८. सैनिकांच्या रोजनिशांतून दिसतं की ती सहजासहजी बुडेना. पहिल्या प्रयत्नात नीट गेली नाही, पुन्हा दगड चढवावे लागले, रात्र झाली. शेवटी ती गेली, पण हवी होती तिथे नाही. उथळ कडेवरून घसरून खोल पाण्यात, १०७ फुटांवर.

१७५९ च्या उन्हाळ्यात इंग्रजांचा जनरल ॲमहर्स्ट नवं सैन्य घेऊन आला. बऱ्याच बातो वर काढल्या गेल्या, स्लूपही निघाली. रादो मिळाली नाही. त्यांनी 'इन्व्हिन्सिबल' नावाची दुसरी बांधली आणि पुढे गेले. जुलैच्या अखेरीस कारियों पडला. युद्ध संपलं, साम्राज्यं बदलली, काठावर हॉटेलं आली, आगबोटी आल्या, आणि त्या सगळ्यांच्या खाली ती सरळ, बुडावर बसून राहिली.

मला या नौकेने धरून ठेवलंय ते एका कारणासाठी. ज्यांनी तिला बुडवलं त्यांचा हेतू 'जपणं' हा होता, आणि तो हेतू त्यांच्या कल्पनेबाहेर सफल झाला आहे. म्हणून तिला वर काढा असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. त्यावर तुम्हा सगळ्यांचं मत वाचायला आवडेल.

कुतूहल_७

सुंदर लिहिलंय. या सरोवराचं नाव ऐकून होते, पण तळाशी असं काही असेल हे माहीत नव्हतं. दोन शंका :

१. सरोवर गोठलं तर बर्फाने खालची होडी चिरडली जात नाही का?
२. १९९० साली सापडली ती कशी? इतक्या खोलवर कुणी सहज पोहत गेलं असेल असं वाटत नाही.

तांडेल

@कुतूहल_७, पहिल्या शंकेचं उत्तर पाण्याच्या एका स्वभावात आहे. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंश सेल्सियसला. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि तिथेच गोठतं. त्यामुळे बर्फाची साय वर आणि तळाला ४ अंशांच्या आसपासचं स्थिर पाणी. होडी साईच्या खाली गेली की तिला धोका नाही. त्या सुतारांना हे आकडे माहीत असण्याचं कारण नाही, पण वर बर्फ आणि खाली पाणी हे त्यांनी दर हिवाळ्यात पाहिलेलं होतं.

सापडण्याची गोष्ट : जोसेफ झारझिंस्की आणि त्यांचे सहकारी लेक जॉर्जमधल्या बुडालेल्या बातोंची मोजणी करत होते. 'बातो बिलो' या नावाने तो गट पुढे ओळखला गेला. २६ जून १९९० ला त्यांच्या साइड-स्कॅन सोनारवर सात कोपऱ्यांची आकृती उमटली. हे यंत्र बोटीमागे दोरखंडाने ओढतात. ते दोन्ही बाजूंना तळावर आवाजाच्या लहरी पंख्यासारख्या पसरवतं. टणक वस्तूवरून लहर जोरात परत येते आणि वस्तूच्या मागे आवाज पोचत नाही, तिथे काळी सावली पडते. जाणकार माणूस आधी ती सावली वाचतो. वस्तूपेक्षा सावलीवरून उंची आणि आकार जास्त नेमका कळतो. भिंती उभ्या आहेत, नौका फुटलेली नाही, हे अशा सावलीवरूनच आधी जाणवतं.

सुतारपक्षी

लाकूडकामाच्या अंगाने थोडं. २३२ वर्षं लाकूड पाण्यात टिकतं याचं नवल वाटून घेऊ नका. लाकूड कुजतं ते एकदा ओलं, एकदा कोरडं झाल्यावर. कुंपणाचा खांब पाहा, जमिनीत गाडलेला भाग बऱ्याचदा धडका असतो आणि जमिनीलगतचा कमरेचा भाग आधी जातो. बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. सतत बुडालेल्या लाकडात तिला हवा पुरत नाही.

समुद्रात आणखी एक शत्रू असतो, टेरेडो. दिसायला अळीसारखा, पण शिंपल्यांच्या कुळातला. तो खारट पाण्यातला जीव, लाकडात बोगदे पाडत जातो आणि काही वर्षांत जाड फळीची चाळण करतो. गोड्या पाण्यात तो नाही. म्हणून गोडं, थंड, अंधारं पाणी म्हणजे लाकडासाठी उत्तम कोठी.

पण एक गोष्ट लोक विसरतात. टिकलेलं दिसतं म्हणजे ते मजबूत आहे असं नाही. लाकडाच्या पेशींमधलं बळ देणारं द्रव्य हळूहळू निघून गेलेलं असतं आणि ती जागा पाण्याने भरलेली असते. फळी आपला आकार त्या पाण्याच्या आधाराने धरून असते. बाहेर काढून वाळू दिली की पेशी आत बसतात, फळी आक्रसते, पिळवटते, भेगाळते. तांडेल यांना वाटणारी काळजी मला पूर्ण पटते.

अभ्यासू_मन

मी विरुद्ध बाजूने बोलतो, रागावू नका. १०७ फूट खोल पाण्यात किती जण जाणार? प्रशिक्षित, अनुभवी पाणबुडेच. बाकीच्यांसाठी ती नौका नसल्यासारखीच. इतिहास लोकांनी पाहायचा असेल तर तो काठावर यायला हवा.

उदाहरण शेजारच्याच सरोवराचं आहे. 'फिलाडेल्फिया' ही तोफनौका अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, लेक शँप्लेनवर व्हॅल्कूर बेटाच्या लढाईत ११ ऑक्टोबर १७७६ ला बुडाली. पुढे इंग्रजांना मिळालेला बेनेडिक्ट आर्नल्ड तेव्हा अमेरिकेच्या बाजूने लढत होता, त्याच्या ताफ्यातली. १९३५ साली लॉरेन्झो हॅगलंड यांनी तिला शोधलं तेव्हा ती तळावर सरळ उभी होती आणि डोलकाठीही जागेवर होती. तिला वर काढलं, आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. तिला लागलेला २४ पौंडी तोफगोळासुद्धा तिथेच आहे. आपली रादो ५२ फूट, फिलाडेल्फिया ५३ फूट. म्हणजे आकाराचं कारण पुढे करता येणार नाही. लाखो लोकांनी, शाळकरी मुलांनी तिला डोळे भरून पाहिलं. हे मोल कमी आहे का?

मैत्रेयी

@अभ्यासू_मन, तुमचा मुद्दा प्रामाणिक आहे. पण दुसऱ्या एका छोट्या सरोवराची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

रोमच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर नेमी सरोवर आहे. मेलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं गोल पाणी, दोन चौरस किलोमीटरही नाही. त्याच्या तळाशी सम्राट कॅलिगुलाच्या दोन प्रचंड नौका होत्या, एक ७० मीटरच्या आसपास, दुसरी त्याहून थोडी मोठी. एवढ्याशा पाण्यात त्या जाणार कुठे होत्या? कुठेच नाही. संगमरवर, मोझॅइकची जमीन, शिशाच्या नळांतून खेळवलेलं पाणी, म्हणजे तरंगते महालच. नळांवर सम्राटाचं नाव ठसवलेलं होतं, त्यावरूनच काळ पक्का झाला.

कोळ्यांच्या जाळ्यात अधूनमधून काहीतरी यायचं, त्यामुळे नौका आहेत हे गावाला कायम माहीत होतं. आणि मग शतकानुशतकं माणसं त्यांना ओरबाडत राहिली. १४४६ मध्ये वास्तुविशारद आल्बेर्तीने पिंपांच्या तराफ्यावरून आकडे टाकून ओढून पाहिलं, फळ्या तुटून आल्या. १५३५ मध्ये दे मार्की हा अभियंता डोक्यावर टोप घालून खाली उतरला. १८२७ मध्ये, १८९५ मध्ये पुन्हा प्रयत्न, प्रत्येक वेळी नौकेचे तुकडे निघाले आणि विकले गेले.

शेवटी मुसोलिनीच्या काळात सरोवरच उपसायचं ठरलं. ऑक्टोबर १९२८ मध्ये पंप सुरू झाले, रोमन काळातला जुना बोगदा साफ करून त्यातून पाणी सोडलं, पातळी वीसेक मीटर उतरली. मार्च १९२९ मध्ये पहिली नौका उघडी पडली. काय काय मिळालं! आडवा दांडा हलवून सपाट करता येणारा लोखंडी नांगर, ज्या रचनेचा शोध अठराशे वर्षांनंतरचा मानत होते. कांशाच्या गोळ्यांवर फिरणारा लाकडी पाट. रोमन जहाजबांधणीबद्दलची समजूत बदलून गेली. त्यांच्यासाठी काठावर संग्रहालय बांधलं.

३१ मे १९४४ च्या रात्री ते संग्रहालय पेटलं. आसपास लढाई चालू होती, जर्मन तोफा जवळ होत्या, दोस्त राष्ट्रांचा गोळीबार झाला होता. आग नेमकी कुणी लावली यावर अजून वाद आहे. नौका मात्र राख झाल्या. पाण्याखाली एकोणीसशे वर्षं राहिल्या, हवेत पंधरा वर्षं.

मी तिथे गेले होते. दालन अजून तेवढंच मोठं आहे, दोन नौका मावतील एवढं. मधोमध छोट्या प्रतिकृती आहेत आणि भोवती रिकामी जमीन. त्या रिकाम्या जमिनीवरून चालताना घशाशी येतं.

कुतूहल_७

बाप रे. पंधरा वर्षं.

सुतारपक्षी

मैत्रेयी, अंगावर काटा आला. युद्ध नसतानाही सोपं नसतं. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ मध्ये बुडालेली 'वासा' १९६१ ला वर काढली. तिच्या लाकडातलं पाणी काढून त्या जागी पॉलिथिलीन ग्लायकॉल नावाचं मेणासारखं द्रव्य भरायला सतरा वर्षं फवारणी करावी लागली. त्यानंतरही २००० च्या सुमारास दिसून आलं की लाकडात मुरलेल्या गंधकापासून आम्ल तयार होतंय. जोखड मानेवर घेतलं की ते कायमचं. तापमान, आर्द्रता, आधाराची चौकट, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी संस्था आणि पैसा हवा. फिलाडेल्फियाच्या नशिबाने तिला स्मिथसोनियन मिळालं.

जलचर

मी उशिरा आलो धाग्यावर, पण लँड टॉर्टॉइस प्रत्यक्ष पाहिली आहे म्हणून लिहितो.

१९९४ पासून तिथे पाणबुड्यांना जाता येतं, ठरावीक मोसमात आणि नोंदणी करूनच. राज्याने पाण्याखालचं जतनक्षेत्र केलंय. १९९८ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला, बुडालेल्या नौकांमध्ये हा मान फार थोड्यांना आहे. नांगर टाकायची परवानगी नाही, तिथे कायमचा तरंगता बोया आहे, त्यालाच होडी बांधायची आणि त्याच्या दोरावरून खाली उतरायचं. याचं महत्त्व तिथे गेल्यावर कळतं. एक नांगर चुकून भिंतीवर पडला तर काय होईल!

वर उन्हाळा असतो, पण साठेक फुटांनंतर थंडी एकदम दातात भरते. रंग जातात, सगळं हिरवट करडं होतं. मग खाली काहीतरी गडद दिसायला लागतं. मला आधी खडक वाटला. जवळ गेलो तेव्हा खडकाला सरळ रेघ दिसली, मग कोपरा, मग चौकोनी खिडकी. तोफेची खिडकी. टॉर्चचा झोत आत टाकला, आत रिकामं. तोफा बुडवण्याआधीच काढून घेतल्या होत्या. खिडकीच्या कडेला लाकूड इतकं स्वच्छ तासलेलं आहे की हात लावावासा वाटतो. लावायचा नाही, आणि आमच्यापैकी कुणी लावला नाही. मी हात छातीशी बांधून तिच्या बाजूने तरंगत गेलो आणि वल्ह्यांची भोकं मोजायला लागलो. नऊपर्यंत आलो आणि वर जायची वेळ झाली.

काठावर आल्यावर आम्ही चौघं बराच वेळ काही बोललो नाही.

अभ्यासू_मन

जलचर, हे वाचून माझं मत थोडं हललं हे कबूल करतो. तरीही पाण्यात ठेवणं म्हणजे सुरक्षित, हेही गृहीत धरू नये. झेब्रा शिंपले लेक जॉर्जमध्ये १९९९ ला सापडल्याचं वाचलं होतं. हे शिंपले थरावर थर चढवतात, वजनाने फळ्या खचतात, लोखंडी खिळ्यांना गंज चढतो. अशा वेळी 'जिथे आहे तिथे राहू द्या' म्हणणं म्हणजे डोळ्यांदेखत जाऊ देणं नाही का?

तांडेल

@अभ्यासू_मन, हा या धाग्यातला सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. लेक शँप्लेनमध्ये झेब्रा शिंपले १९९३ पासून आहेत आणि तिथल्या नौकांवर त्यांनी गालिचा घातलाय. आर्नल्डच्या ताफ्यातलीच 'स्पिटफायर' १९९७ साली तिथे तळावर सापडली, तिचं काय करायचं हा प्रश्न याच भीतीमुळे पुढे आला.

लेक जॉर्जचं पाणी वेगळं आहे. शिंपल्याला कवच बनवायला चुना लागतो आणि या पाण्यात तो फार कमी आहे. १९९९ ला जे शिंपले मिळाले ते पाणबुड्यांनी हातांनी वेचून काढले. अजून त्यांचं राज्य तिथे झालेलं नाही. पण म्हणून निर्धास्त राहायचं नाही, लक्ष ठेवायचं. दुसऱ्या सरोवरातून आणलेली होडी तिथे पाण्यात सोडण्याआधी तपासतात आणि धुतात, ती तपासणी या नौकेसाठीही तितकीच मोलाची आहे. उद्या खरोखर धोका उभा राहिला तर वर काढण्याच्या बाजूने मीही बोलेन. माझा विरोध हौसेला आहे.

आणि लोकांनी पाहावं कसं, यावर : झारझिंस्कींच्या गटाने नौकेची शेकडो छायाचित्रं जोडून अखंड चित्र तयार केलंय, मापं घेऊन आराखडे काढलेत. फिलाडेल्फियाची पूर्ण मापाची प्रतिकृती शँप्लेनकाठच्या संग्रहालयात १९९१ मध्ये बांधून पाण्यावर उतरवली. रादोचीही तशी बांधता येईल. मुलांना त्या सव्वीस वल्ह्यांपैकी एक हातात धरायला मिळालं तर काचेमागच्या लाकडापेक्षा जास्त समजेल असं मला वाटतं.

मैत्रेयी

प्रतिकृतीची कल्पना फार आवडली. एक राहून गेलं विचारायचं. बातोंचं काय झालं? अडीचशेवर होत्या म्हणता.

तांडेल

@मैत्रेयी, बहुतेक १७५९ मध्ये निघाल्या. ज्या राहिल्या त्यांच्यापैकी तीन १९६० मध्ये वर काढल्या. बाकीच्यांचे सांगाडे, म्हणजे बुडाच्या फळ्या आणि काही ठिकाणी फासळ्या, अजून सरोवराच्या दक्षिण भागात आहेत. त्या उथळ पाण्यात होत्या, त्यामुळे नांगर, लाटा आणि आठवण म्हणून तुकडे नेणारी माणसं, तिन्हींचा मार त्यांना बसला. रादो खोल घसरली म्हणून वाचली.

जलचर, तुम्ही पुन्हा गेलात तर दहाव्या भोकापासून पुढे मोजा आणि इथे येऊन सांगा.